एकतीस पुरचुंड्या

सांगली, २ एप्रिल २०२५

प्रिय उत्कर्षा,

हे पत्र साताऱ्याला, तुझ्या घरी पाठवते आहे. परदेशातला तुझा पत्ता माझ्याकडे नाही, आणि माझ्या ईमेलना तू वर्षभरात उत्तर दिलेलं नाहीस. तुझे पप्पा पुढे पाठवतील अशी आशा आहे.

बिराप्पाकाका पडले. माझे चुलते, जतजवळच्या आमच्या वाडीवरचे. तुला आठवत असतील. तुला ते ‘सायबीन’ म्हणायचे आणि तुमच्या गटातल्या केलीला ‘ती उंच’. मार्चमध्ये अथणीच्या बाजूला मेंढरं घेऊन जाताना ओढ्याच्या उतारावर पाय घसरला आणि खुबा मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं. सत्तरी उलटली आहे. पाच वर्षांपूर्वीच त्यांनी लांबची वाट सोडली होती. या वर्षी पुन्हा धरावी लागली, कारण वाडीवर मेंढरांना पाणी नव्हतं.

त्याचसाठी लिहिते आहे. गेल्या वर्षी जानेवारीत तुम्ही चौघं आमच्या संस्थेचं काम करायला आलात. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षी एखाद्या संस्थेचं अडलेलं खरंखुरं काम देतात, ती संस्था त्यांची ‘क्लायंट’ असते आणि अहवाल वापरला जातो, कपाटात पडत नाही, हे मला तेव्हा फार आवडलं होतं. अहवाल वापरला गेला. ज्या वस्तीत दोन हजारांच्या वर मेंढरं तिथे पाण्याचा हौद, असा देणगीदारांचा नियम होता. तुमच्या अहवालात आमच्या वाडीची मेंढरं अकराशे चाळीस. हौद दुसऱ्या दोन गावांना गेले.

आता दुसरा टप्पा आहे. पंधरा जूनच्या आत दुरुस्त आकडा गेला तर वाडीचा विचार होईल. पण अहवालावर विद्यापीठाचं नाव आहे आणि त्या प्रकरणाखाली तुझं. तुझ्या संमतीशिवाय तो बदलता येत नाही. आकड्यांत काही चूक राहून गेली असावी. तू तुझ्या प्राध्यापकांना दोन ओळी लिहिल्यास तर बरं होईल.

तुझा अभ्यास संपला असेल. नोकरी कुठे लागली?

आपली,
अंजना
प्रकल्प समन्वयक


सांगली, २१ एप्रिल २०२५

प्रिय उत्कर्षा,

परवा तुझ्या पप्पांचा फोन आला. “सुभेदार धैर्यशील बोलतोय, साताऱ्यावरनं,” म्हणाले. मी ऑफिसात होते, तरी उभी राहिले.

“मॅडम, तुमचं पत्र पाकिटात घालून पुढं पाठवलंय. पोरीचं पत्र मी फोडत नाही. पण एक विचारू का? गेल्या उन्हाळ्यात ही पोरगी धड जेवत नव्हती. जिनिव्हाला नोकरीला जायचं ठरलेलं, ते फिसकटलं. कुणाचं काय लिहून आलं, ते ती सांगत नाही. आम्ही तिला एकच शिकवलं होतं, ड्यूटीवर झोपायचं नाही. ती झोपली होती का मॅडम?”

मी म्हटलं, “नाही. ती जागी होती.”

“मग झालं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

तुझ्या शेवटच्या मेसेजमधली ओळ मी फोनमधून पुसलेली नाही. ‘ताई, तुम्ही शेजारीच बसला होतात.’

हो. बसले होते. काकांच्या अंगणात, घोंगडीवर, तुझ्या आणि केलीच्या मधे. केलीच्या मांडीवर तो टॅब. रंगूकाकू चहा देत होती आणि तिला तुमचा काही थांग लागत नव्हता.

“अंजे, ह्या पोरी कुणाच्या कामाला आल्यात गं?”

“आमच्या संस्थेच्या. आम्ही त्यांचे क्लायंट.”

“म्हंजे?”

तू सांगितलंस, “ज्याचं काम करायचं, तो क्लायंट, काकू.”

“मग ती मी का ही अंजी?” काकू म्हणाली. तू इतकी हसलीस की चहा सांडला. पण केलीला सांगताना तू हसली नाहीस. आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

मग केलीने विचारलं, मेंढरं किती. मी मराठीत विचारलं. काका वाघरीकडे, म्हणजे जाळीच्या त्या कुंपणाकडे बघत म्हणाले, “हायत की. पाच-पन्नास.”

“पाच का पन्नास?” तू विचारलंस.

“त्यातलंच कायतरी.”

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं, पन्नास.

उत्कर्षा, आमच्यात मेंढरं मोजून सांगत नाहीत. सांगितलेली संख्या तिथून पुढे घटायला लागते असं मानतात. माझ्या आजोबांनी जन्मात आकडा उच्चारला नाही. त्यांना प्रत्येक मेंढी तोंडावरून ठाऊक असे, आणि एक जरी मागे राहिली तरी जेवण उतरत नसे. एकतीस घरांनी तुम्हाला ‘पाच-पन्नास’, ‘दोन ईसा’ म्हणजे दोन विसा, ‘बिरोबानं दिल्यात तेवढ्या’ असंच सांगितलं. खोटं म्हणून नाही सांगितलं. विचारू नये ते विचारलं की असं उत्तर द्यायचं, एवढंच ते आहे. आणि ते मला पाठ होतं.

जीपमध्ये परत येताना तू विचारलंस, “ताई, कळप केवढा मोठा होता. पन्नास कसे?”

मी काय म्हणाले तेही मला आठवतं. “लोकांनी सांगितलं ते लिहावं. आपण ठरवायचं नाही.” तुला ते पटलं. तुझ्या पुस्तकांतही तसंच असणार. इतकं चांगलं वाक्य मी इतक्या वाईट कामासाठी कधी वापरलं नव्हतं.

का सांगितलं नाही, ते लिहिते. मी दहा वर्षांची असताना सांगलीच्या वसतिगृहात आले. बाईंनी वर्गात विचारलं, तुमच्याकडे किती मेंढ्या? मी म्हटलं, सांगत नाहीत. बाई हसल्या, “सांगत नाहीत का येत नाही मोजायला?” मग सगळा वर्ग हसला. पुढे सातवीपर्यंत मुली मला बोटं दाखवून विचारायच्या, अंजे, ही किती? मला गणितात कायम पैकीच्या पैकी मार्क मिळत. त्याने काही फरक पडला नाही. केलीच्या टॅबसमोर मला पुन्हा ते सांगायचं नव्हतं. इतकंच कारण आहे. ते फार लहान आहे आणि काकांचा खुबा मोडला आहे.

अंजना


सांगली, १२ मे २०२५

प्रिय उत्कर्षा,

मागचं पत्र टाकून आले आणि वाटलं, सगळं सांगून झालं. तसं झालं नव्हतं. एक गोष्ट ठेवली होती मागे.

तुम्ही गेल्यावर मे महिन्यात विश्वजित सर पहिल्यांदाच वाडीवर गेले. संस्थेचे प्रमुख असून सहा वर्षांत ते जतच्या पुढे गेले नव्हते. परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. “अंजनाताई, एका घरची मेंढरं मला रस्ता ओलांडताना दिसली. जीप वीस मिनिटं उभी होती. अहवालात पन्नास कशी?”

मी म्हटलं, बघते.

टेबलावर तुमच्या विद्यापीठाचा फॉर्म पडला होता. क्लायंटने विद्यार्थ्यांविषयी मत लिहायचं, प्रत्येकाविषयी वेगळं. मी तीन दिवस तो भरायचं टाळत होते, कारण तुझ्याविषयी काय काय चांगलं लिहावं ते मावत नव्हतं. त्या दुपारी मी लिहिलं: ‘क्षेत्रकामात निष्काळजीपणा. मिळालेल्या माहितीची उलटतपासणी केली नाही.’ खाली सही केली. सरांना दाखवलं. सर म्हणाले, “विद्यार्थीच शेवटी. असू द्या. अहवाल गेलाय, आता हात लावायला नको.”

उलटतपासणी तू केली होतीस. माझ्याजवळ केली होतीस, जीपमध्ये.

जिनिव्हाची शिफारस त्या फॉर्मवर अडेल हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. पण फॉर्मवर तसं छापलेलंच होतं.

गेल्या आठवड्यात मी तुझ्या प्राध्यापकांना लिहिलं. काकांची नजर, माझं भाषांतर, जीप, फॉर्म, सगळं. प्रत सोबत जोडली आहे. सरांना आधी दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “यात संस्थेचं नाव खराब होतं.” मी म्हटलं, माझं नाव घातलं आहे, संस्थेचं नाही. “लोक वेगळं करत नाहीत हो,” म्हणाले. एक जुलैपासून मी समन्वयक नसेन. काढलं नाही, कार्यालयात बसवणार आहेत. तू हे वाचून हळहळू नकोस, तेवढ्यासाठी हे लिहिलेलं नाही.

प्राध्यापकांचं उत्तर चांगलं आलं. तुझ्या नोंदीतून तो शेरा काढतील, आणि ज्यांना ज्यांना तो गेला त्यांना कळवतील. पुढे लिहिलं आहे: अकराशे चाळीस हा आकडा चूक आहे हे समजलं. बरोबर आकडा कोणता?

तो माझ्याकडे नाही. तो कुणाकडेच नाही. तो काढायचा तर जे आजवर कुणी केलं नाही ते करावं लागेल. जखम चिघळल्यामुळे काका अजून मिरजेच्या दवाखान्यातच आहेत; काल गेले आणि त्यांच्या कॉटजवळ बसून विचारलं. म्हटलं, एकदाच मोजू या का? पाण्यासाठी?

काकांनी तोंड भिंतीकडे केलं. म्हणाले, “तू शिकलीस ते बरं झालं. आमची रीत तेवढी राहू दे.”

अंजना


सांगली, ११ जून २०२५

प्रिय उत्कर्षा,

मोजून झालं. कसं झालं ते तुला सांगायलाच हवं.

जूनच्या सुरुवातीला कळप परत आले तशी मी वाडीवर गेले. रंगूकाकूला सगळं सांगितलं. फॉर्मचंही. ती ज्वारी निवडत होती, हात थांबला नाही.

“तू त्या पोरीच्या नावानं लिवलंस? जी चहा सांडून हसली, तिच्या?”

“व्हय.”

“आन् ती बोलत न्हाई तुझ्यासंगं.”

“न्हाई.”

“बरोबर हाय तिचं,” काकू म्हणाली आणि सुपातले खडे फेकले.

माझा चुलतभाऊ, काकांचा मुलगा नाथाजी मधेच म्हणाला, “ताई, वरनं ड्रोननं फोटू काढ आन् कंप्युटरला लाव की मोजायला. आपण कुठं मोजलं मग?”

“कंप्युटरची नजर काय चांगली असत्या व्हय रं?” काकू म्हणाली.

मग ती पुन्हा सूप घोळवायला लागली. आणि एकदम काकूने सूप खाली ठेवलं. “अंजे, मेंढरं न्हाई मोजायची. पर ज्वारी मोजायला कोण नगं म्हणतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वाघरीच्या तोंडाशी बसली. पदरात ज्वारी, पुढ्यात फडक्याचा चौकोन. नाथाजीने जाळीचं एक टोक उचललं आणि मेंढरं एकेक बाहेर यायला लागली. प्रत्येक मेंढीमागे काकू फडक्यात एक दाणा टाकत होती. ओठ मिटलेले. आकडा कुणाच्याही तोंडात नाही. एक कोकरू आईच्या पोटाखालून निसटलं तेव्हा मी विचारलं, याला धरायचं का? “त्याला बी आख्खा दाणा,” काकू म्हणाली. “त्याची तहान काय अर्धी असत्या?”

शेवटची मेंढी गेल्यावर तिने फडक्याला गाठ मारली. पुरचुंडी माझ्या हातात दिली. “ही सांगलीला न्हे. हितं सोडायची न्हाई. आन् मोजून झाली की परत आण. कार्तिकीच्या आधी पेरली पायजे. मातीत गेली की मोजल्यालं बी गेलं.”

चार दिवसांत एकतीस घरांनी तसंच केलं. दोन घरं अडून बसली होती. काकू स्वतः गेली आणि काय बोलली कळलं नाही, पण पुरचुंड्या आल्या. एकीच्या फडक्यावर हळदकुंकवाची बोटं होती.

जाता जाता मिरजेला थांबले. काकांना सांगावं की नाही, ठरत नव्हतं. पिशवी खांद्याला होती. त्यांनीच बघितली.

“रंगीनं दिल्या?”

“व्हय.”

“तिची कुटली?”

मी दाखवली. त्यांनी ती तळहातावर ठेवली, वजन केल्यासारखी. मग म्हणाले, “थोडी ज्वारी आणून दे मला.”

खालच्या दुकानातून पावशेर आणली. परत निघणार होते, पण त्यांनी थांब म्हटलं. डोळे मिटून घेतले आणि एकेक दाणा माझ्या रुमालात टाकायला लागले. मधेच एखादा दाणा बोटांत धरून थांबायचे, जणू ती मेंढी पुढे आली नव्हती. शेजारच्या कॉटवरच्या माणसाची बायको मला खुणेने विचारत होती, डोक्यावर परिणाम झालाय का? मी नाही म्हटलं. सगळी दुपार गेली. शेवटी रुमालाला त्यांनीच गाठ मारली. “ही माझी,” म्हणाले.

माझी खोली हळदीच्या बाजाराजवळ आहे. खिडकीच्या गजांवर बारा महिने पिवळी धूळ. टेबल पुसून त्यावर मी दोन दिवस दाणे मोजले, दहा-दहाचे ढीग करून. वर्गातल्या त्या मुली आठवल्या. अंजे, ही किती?

एकतीस पुरचुंड्या मिळून चार हजार दोनशे सहा. तोच आकडा प्राध्यापकांना पाठवला आहे. कसा काढला तेही लिहिलं आहे. पंधरा तारखेला चार दिवस आहेत. ते तुला थेट विचारतील; खाली तुझं नाव लागेल की नाही, ते तुझ्यावर आहे. लागलं नाही तरी मी समजू शकते.

एक गोष्ट प्राध्यापकांना लिहिलेली नाही. काकूच्या पुरचुंडीत दोनशे सत्याऐंशी दाणे निघाले. काकांच्या रुमालात तीनशे चार. दोनदा मोजलं. नाथाजीला फोन करून विचारलं. तो म्हणाला, आण्णा पडले तवा कळप बुजला, हायवेवर गेला. सतरा मेल्या. त्यांना आम्ही सांगितलंच न्हाई ताई अजून.

काकूने गेलेल्या सोडून मोजल्या होत्या. काकांच्या मनात त्या अजून चालत आहेत.

अहवालात मी दोनशे सत्याऐंशी धरले. सतरा दाणे टेबलावर उरले आहेत. ते कुठे मांडायचे, मला कळत नाही.

अंजनाताई


बिराप्पाकाकांच्या अंगणातून, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय उत्कर्षा,

तू चौदा जूनला सही केलीस, हे मला प्राध्यापकांच्या कागदावरून कळलं. तुझ्याकडून काही आलं नाही आणि मी वाट बघायची नाही असं ठरवलं होतं. हौद मंजूर झाला. मागच्या आठवड्यात खड्डा खणला, टेकाच्या खालच्या अंगाला, तू जागा दाखवली होतीस त्याच्या वीस पावलं अलीकडे. तू दाखवलेल्या जागी खडक लागला.

आणि परवा तुझं पत्र आलं. पप्पांनी त्यावर स्वतःच्या हाताने पत्ता घातला होता. आत एकच ओळ.

‘ताई, सतरा कोणत्या?’

तुझी ओळ मी बसमध्ये चारदा वाचली. किती, असं सगळे विचारतात. मी, सर, देणगीदार, केलीचा टॅब. कोणत्या, असं विचारावं हे मला सुचलं नव्हतं. आणि ते सांगायला मी नाही, काकाच हवेत. म्हणून वाडीवर आले.

काका आता काठी घेऊन अंगणात येतात. कोणत्या सतरा गेल्या ते त्यांना नाथाजीने पावसाळ्यातच सांगितलं होतं. मी तुझी ओळ वाचून दाखवली.

“सायबीननं विचारलं?”

“व्हय काका.”

“लिही.”

त्यांनी सांगितल्या तशा लिहिते. मोरी, जिला उजव्या डोळ्यावर पांढरा ठिपका. तिची लेक, अजून नाव नव्हतं. भुंडी. बोरकानी. सोनी, जी रोज मागेच राहायची. लंगडी, जतच्या बाजारातनं आणलेली. दोघी बांड्या, बहिणी. कवळी. काजळी. म्हातारी, अकरा वर्षांची, “माझ्या आधी जायचं न्हाई म्हणायचो मी तिला.” चितरी. चिंधी, कोकरू असताना काकूने चिंधीने दूध पाजलेली. टिकली. कानफाटी, जी फक्त काकूच्या हाकेला यायची. कोशिंबी. आणि एक काळा नर, त्याचं नाव सांगताना काका थांबले आणि म्हणाले, त्याचं राहू दे.

आज सकाळी काकूने रान पेरलं. एकतीस पुरचुंड्या तिने माझ्यादेखत सोडल्या, सगळ्यांची ज्वारी बियाणं ओतायच्या एकाच चाड्यात. कुणाची कोणती ते आता कुणालाच सांगता येणार नाही. सतरा दाणे मी वेगळ्या कागदात आणले होते. कुठे टाकू, विचारलं. काकूने बांधाकडे हात केला. “तितं टाक. बांधावरचं कुणी कापत न्हाई.”

मी टाकत होते तेव्हा ती मागून म्हणाली, “त्या पोरीला लिही, हौदावर पाणी सोडायच्या दिवशी ये म्हणावं. कामाला न्हाई. क्लायंट म्हणून.” आणि स्वतःच हसली. मला वाटलं होतं, ती तो शब्द कधीच विसरली असेल.

मी तुला ये म्हणत नाही. तो हक्क काकूचा आहे.

पत्र मिटताना काकांनी विचारलं, सगळ्या लिवल्यास का? मी त्यांना यादी वाचून दाखवली. काळ्या नरापाशी थांबले, तसे तेही थांबले. मग काठीने मातीवर एक बारीक रेघ ओढून म्हणाले:

“तिला सांग, ह्या ध्यानात ठेव म्हणावं. मोजू नगंस.”

तुझी,
अंजी